झाडूगाडी

शर्यतीत सगळ्यात शेवटी माझा टेम्पो.
एरवी यात काजूची पोती असतात,
लग्नसराईत खुर्च्या.
या सहा दिवसांपुरता मागच्या फळीला झाडू बांधलाय
आणि हुकूम एवढाच:
थकेल त्याला उचल,
पाठीवरचा नंबर काढून घे,
चार सेफ्टी पिना मोजून डब्यात टाक.

निपाणीच्या टप्प्यात दोघे.
एक उसाच्या सांडलेल्या पाल्यावर घसरलेला,
एक केरळचा पोरगा, अंगात ताप,
चिकोडीपर्यंत खिडकीला डोकं टेकून गप्प.
हुक्केरीला कोणी नाही.
सौंदत्तीच्या उन्हात एकदम तिघे.
डब्यात वीस पिना. खड्ड्यात वाजतात.

शेजारी बसलिंगप्पा मास्तर, पंच,
गळ्यात घड्याळ.
बोलतात मराठी, मोजतात कानडीत.
मोजणं आईच्याच भाषेत होतं, म्हणाले.
मी दोन्हींत चुकतो.

चौथा दिवस, खानापूर ते कणकुंबी.
जांबोटीच्या पुढं रस्ता रानात शिरला
आणि काचेपुढं उरला एकटा
एकशे सत्तावीस. मष्णू गावडा, आमट्याचा.

जिंकणं हे याचं काम नव्हेच.
मागं यायचं, संघाच्या गाडीतून आठ बाटल्या घ्यायच्या,
पाठीत, पोटाशी, गळ्याशी खुपसायच्या,
गाभण म्हशीसारखं चढावर परत पुढं जायचं
आणि वाटून टाकायच्या.
याचा मोठा गडी सकाळपासून अकरा बाटल्या प्यायला.
आता तो सोळा मिनिटं पुढं,
आणि याच्या स्वतःच्या बाटलीत
नुसती हवा.

मास्तर म्हणाले, आजची हद्द बावीस मिनिटं.
मी म्हटलं, सर, इकडं हद्द म्हणू नका,
वेळ म्हणा.
ते हसले. मग हसले नाहीत.

मष्णूनं मागं बघितलं.
पुन्हा बघितलं.
मागं बघणारा बसतो, एवढं मला तीन दिवसांत कळलंय.
मी हात लांबवून दाराची कडी काढून ठेवली.

आमट्याचा फाटा.
बॅनरवर त्याचा फोटो, नाव दोन लिप्यांत,
मराठीत चुकलेलं. कानडीत बरोबर आहे, मास्तर म्हणाले.
गाव नऊपासून उभं होतं.
सगळा घोळका वीस सेकंदांत गेला,
त्यात मष्णू कोणालाच दिसला नाही,
कारण तो नव्हताच.
निम्मे लोक घरी गेलेले.
आणि नेमका तेव्हाच
रानातून मधाचा डबा घेऊन वर आलेला म्हातारा नागोजी
बघतो तर काय: एकटा सायकलवाला,
मागं लाल दिव्याची मोटरसायकल, मागं गाडी,
सगळा सरंजाम एकट्यासाठी.
"आला की रे आपला मष्णू! सगळ्यांच्या फुडं!
बाकीचे कुठं ऱ्हायले म्हणायचे?"

कोणी काही बोललं नाही.
पंक्चरवाला ओमाणी, त्याचा थोरला भाऊ,
त्यानं माझ्या टेम्पोकडं बघितलं,
झाडूकडं बघितलं,
आणि पहिली टाळी त्यानं वाजवली.

मग फाटा पेटला.
"चल की रे!" "बेगा, बेगा!"
एक पोरगी तांब्या घेऊन चपलांशिवाय पळाली,
अर्धं पाणी डांबरावर, अर्धं त्याच्या मानेवर.
नियमात हे बसत नाही.
मास्तर त्या वेळी जांभळीचं झाड बघत होते.

तो जोरात सुटला असं सांगायला मला आवडलं असतं.
सुटला नाही.
तसाच, घाण्यासारखा, फिरत राहिला.
फक्त मागं बघायचा थांबला.

कणकुंबीच्या कमानीत मास्तर ओठांतल्या ओठांत मोजत होते.
इप्पत्तोंदु.
एकवीस. एवढा आकडा मला येतो.
पुढचे सेकंद त्यांनी मोठ्यानं म्हटलेच नाहीत.

रात्री पिना मोजल्या. वीस.

सकाळी मष्णू हवा भरता भरता आला.
"मामा, काल दार उघडं कशाला ठेवलावतासा?"
वारं यावं म्हणून, म्हटलं.
"हं," म्हणाला,
आणि जाता जाता
कडी लावून गेला.